चोर्ला घाटाच्या वाटेवर गाडी पंक्चर झाली, रेंज नाही, दुकान नाही: तेव्हा काय काय करता येते?

तुम्ही विचारले आहे की बेळगावहून जांबोटी-कणकुंबीमार्गे गोव्याला जाताना जंगलात पंक्चर झाले आणि फोनला रेंज नसेल, तर हाताशी कोणते उपाय असतात, आणि स्टेपनीतही हवा नसली तर काय. ट्यूबलेस टायर धरून सांगतो, कारण आता बहुतेक गाड्यांना तेच असतात.

पहिली गोष्ट: टायरात खिळा दिसला की लगेच उपटू नका. खिळा स्वतःच भोकाला बूच मारून बसलेला असतो, म्हणून हवा हळूहळू जाते. उपटला की दोन मिनिटांत टायर बसतो. हवा अर्धीच उतरली असेल आणि जवळ बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर असेल, तर खिळा तसाच ठेवून ३२-३५ पीएसआय हवा भरा आणि दहा-पंधरा किलोमीटरवर उतरून पुन्हा मोजा. तेवढ्यात दोन-तीनच पीएसआय कमी झाली असेल, तर खानापूर, बेळगाव किंवा खाली गोव्यातल्या साखळीपर्यंत सावकाश आरामात पोचता येते. कॉम्प्रेसर लावताना इंजिन चालू ठेवा. रिकाम्या टायराला पाच ते दहा मिनिटे लागतात. कॉम्प्रेसर फार तापला तर थांबवून गार होऊ द्या.

हवा पूर्ण गेली असेल तर गाडी ओढत नेऊ नका. टायराची बाजूची भिंत रिम आणि डांबराच्या मध्ये चिरडते आणि काहीशे मीटरमध्ये आतले धागे तुटतात. मग खिळा अगदी छोटा निघाला तरी टायर फेकावाच लागतो. पण गाडी आंधळ्या वळणावर अडकली असेल, तर हा हिशेब करायचा नाही. चारही इंडिकेटर एकदम लावा, चालण्याच्या वेगाने सपाट, रुंद जागेपर्यंत न्या आणि टायर गेला तर जाऊ द्या. लाल त्रिकोण वळणाच्या आधी ठेवा, गाडीच्या बुडाशी नको. माणसांना रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी उभे करा.

आता भोक कुठे आहे ते बघा. रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यात असेल तर त्यात पंक्चरची चिकट दोरी भरून काम निघते. कडेच्या खांद्यावर किंवा भिंतीत असेल तर दोरी टिकत नाही. तिथला रबर चालताना सतत वाकतो आणि दोरीला बाहेर ढकलतो. साधारण ६ मिलिमीटरपेक्षा मोठे भोकही दोरीचे काम नव्हे.

दोरीच्या किटमध्ये दातेरी सुई, डोळ्याची सुई, चिकट दोऱ्या आणि सोल्यूशन असते. चाक काढायची गरज सहसा पडत नाही. पुढचे असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवा, मागचे असेल तर गाडी फूटभर पुढे-मागे करून खिळा हात पोचेल तिथे आणा. आधी दोरीचे दोन्ही भाग सारखे राहतील अशी ती सुईच्या डोळ्यात ओवून सोल्यूशन लावून तयार ठेवा. मग पकडीने खिळा काढा, आणि काढताना तो किती तिरका शिरला होता ते लक्षात ठेवा. दातेरी सुई त्याच तिरकेपणाने घालून आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. हे खरखरीत करणे टाळले तर दोरी गुळगुळीत भोकातून सरकते. रस्त्यावर केलेले पंक्चर पुन्हा उतरण्याचे मोठे कारण हेच. मग दोरी आत ढकला. बाहेर एक-दीड सेंटिमीटर शेपटे उरली की थांबा आणि सुई एका झटक्यात सरळ ओढा. ती पिळत काढली तर दोरीही बाहेर येते. शेपटे ३ मिलिमीटर ठेवून कापा, हवा भरा, वर पाणी टाका. बुडबुडे आले तर शेजारून दुसरी दोरी भरता येते. गावात पोचल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचे रबरी ठिगळ) मारून घ्या. टायराच्या आत काळी पूड दिसली तर भिंत चिरडली आहे, मग तो टायर वापरू नका.

स्टेपनी लावायची असेल तर या भागातली एक अडचण लक्षात ठेवा. जांबोटीच्या पलीकडची तांबडी माती पावसात भुसभुशीत होते आणि जॅकचा पाय तिच्यात बुडतो. फूटभर लांब-रुंद, जाड प्लायवूडचा तुकडा डिकीत कायम ठेवा. कडेला पडलेला जांभ्याचा चिरा जॅकखाली घेऊ नका. तो वरून भक्कम दिसतो, पण आत पोकळ छिद्रे असतात आणि एका बिंदूवर भार आला की फुटतो. चाकाला उटी म्हणून मात्र चालतो. हँडब्रेक, पहिला गिअर, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड, मग नट अर्धा फेरा सैल, आणि त्यानंतरच जॅक. उचललेल्या चाकाचे नट जोर लावून सोडवायला गेलात तर गाडी हलते.

नट निघूनही चाक सुटत नसेल, तर ते गंजून हबला चिकटलेले असते. गाडीखाली शिरून हातोडी मारू नका. नट दोन-तीन फेरे बसवून ठेवा, गाडी खाली घ्या, वीतभर पुढे-मागे करा, पुन्हा उचला. चाक लगेच सुटते. बसवताना नटाची निमुळती बाजू चाकाकडे हवी, आणि आवळणे समोरासमोरच्या जोडीने. फूटभराच्या पान्यावर तीस-पस्तीस किलोचा जोर पुरतो. पाय देऊन उड्या मारू नका, बोल्टचे आटे जातात. पन्नासेक किलोमीटरवर पुन्हा आवळून बघा. लहान स्टेपनीवर ८० चा शिक्का असतो, तेवढ्याच वेगाने जा.

स्टेपनी रिकामी निघाली तर ट्रक थांबवा. ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी कारच्या टायराच्या तिपटीहून जास्त दाबाची असते आणि अनेक ड्रायव्हर तिथून हवा भरायची नळी सोबत ठेवतात. कारचा व्हॉल्व्ह त्यावर बसतो. मात्र दर काही सेकंदांनी थांबून गेजने मोजा, कारण टायर क्षणात फुगतो. टायर रिमवरून सुटला असेल तर छोट्या कॉम्प्रेसरने तो बसत नाही, ट्रकच्या हवेने बसण्याची शक्यता असते. हे करताना टायराच्या बाजूच्या भिंतीसमोर उभे राहू नका आणि ४० पीएसआयच्या वर जाऊ नका.

सीलंटची बाटली हा शेवटचा उपाय. ते ओतल्यावर थांबून राहायचे नाही, लगेच पाच-सात किलोमीटर हळू चालवायचे, तरच ते आत पसरते. पंक्चरवाल्याला ते घातल्याचे आधी सांगा. नवी गाडी घेताना डिकीही उघडून बघा. २०२० पासून ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाचा सेन्सर आणि दुरुस्ती किट असलेल्या गाडीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे, आणि भिंत चिरली की ते किट काही कामाचे नसते.

निपाणी-बेळगाव महामार्गावर, तवंदी घाटात अडकलात तर १०३३ फिरवा, तो राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक आहे. रेंज दिसत नसली तरी ११२ लावून बघा, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही तो लागू शकतो. संकेश्वर-हुक्केरीकडे कानडी बोलणारा माणूस भेटला तर 'पंक्चर अंगडी एल्लैती?' (पंक्चरचे दुकान कुठे आहे?) एवढे विचारा, बाकी तो समजून घेतो. जांबोटी-कणकुंबीत मराठीच चालते.