मामांच्या स्टुडिओतला जुना फ्लॅश नव्या कॅमेऱ्यावर लावू का?

तुमचा प्रश्न असा: मामांच्या बंद झालेल्या स्टुडिओतून विविटार २८३ फ्लॅश मिळालाय, तुमच्याकडे कॅनन १५००डी आहे, मित्राकडे निकॉन डीएसएलआर आहे. लावला तर कॅमेरा जळेल का?

तुमच्या १५००डीवर काही जळणार नाही, कारण तो फ्लॅश पेटणारच नाही. हॉटशूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश सरकवायच्या खाचेत, नीट बघा. मधोमध जी मोठी गोल पिन असायला हवी, ती कॅननने या मॉडेलला दिलेलीच नाही. ३०००डी आणि २००डी मार्क टूचंही तेच. जुन्या फ्लॅशला ती एकच पिन कळते. कॅननचे स्वतःचे फ्लॅश बाकीच्या बारीक पिनांवर चालतात. तुम्ही सुटलात म्हणा.

घोळ मित्राच्या कॅमेऱ्याचा आहे. हॉटशूमध्ये फ्लॅश सरकला म्हणजे तो चालतो, असं मीही समजत होतो. सोलापूरच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक टिपायला एका ओळखीच्यांचा असाच फ्लॅश उसना घेतला. पहिले शे-दीडशे फोटो झकास आले, म्हणून बिनधास्त झालो. दुसऱ्या दिवशी होम मैदानावर बटण दाबतोय तर फ्लॅश पडेना. दुसरा लावला, तोही गप्प. कॅमेरा ठणठणीत, हॉटशू तेवढा मेलेला. पुढं दोन वर्षं त्यावर फक्त उन्हातले फोटो काढले.

कारण साधं आहे. फिल्मच्या कॅमेऱ्यात शटर उघडलं की धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आणि फ्लॅश पडायचा. त्यातून दोनशे व्होल्ट गेले तरी पट्टीला फरक पडत नव्हता. आता त्या जागी नाजूक इलेक्ट्रॉनिक स्विच आहे, आणि तो किती सोसेल हे कॅमेऱ्यागणिक वेगळं. कॅननच्या जुन्या डिजिटल बॉडींना ६ व्होल्टच्या वर नको म्हणतात. आयएसओ १०३३० या १९९२च्या मानकात २४ व्होल्ट धरलेत. निकॉनच्या माहितीपुस्तिकेत २५०पेक्षा जास्त किंवा उलटा, म्हणजे मायनस व्होल्टेज नको असं छापलेलं असतं. सोनीचा आकडाही २५०च, आणि उलटी पोलॅरिटी तिथंही चालत नाही.

२८३ची गंमत अशी की नाव एक, माल वेगळा. सुरुवातीचे जपानमध्ये बनलेले फ्लॅश दोनशे व्होल्टच्या पुढं, काही तर तीनशेच्या आसपास जातात. नंतर कोरिया-चीनमध्ये बनलेले बहुतेक दहाच्या आसपास. पाठीवर काय छापलंय ते वाचा, पण भरवसा मीटरवर ठेवा.

मोजायचं असं. चार नवे पेन्सिल सेल घाला, रेडी लाइट लागू द्या, वर एक मिनिट थांबा. डिजिटल मल्टिमीटर डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्टवर ठेवा. लाल टोक फ्लॅशच्या पायाच्या मधल्या गोल टिकलीला, काळं टोक पायाच्या कडेच्या धातूला, जो हॉटशूच्या खाचेत घासतो. बोटं धातूला लावू नका. माझ्याकडचा २३४ दाखवतो. निकॉनच्या छापील हद्दीत आहे, तरी मी तो कॅमेऱ्यावर चढवत नाही. सोळा व्होल्टच्या फरकावर कोण पैज लावणार?

आकडा मोठा आला तरी फ्लॅश फेकू नका. कॅमेऱ्यापासून लांब, रेडिओ ट्रिगरच्या (बिनतारी इशाऱ्यानं फ्लॅश पेटवणाऱ्या जोडीच्या) रिसीव्हरवर लावा, फक्त रिसीव्हर किती व्होल्ट झेलतो ते आधी वाचा. तुमच्या १५००डीला मात्र मधल्या पिनेवाला साधा ट्रिगर चालणार नाही, कॅननच्या बारीक पिनांवर चालणाराच घ्या. किंवा फ्लॅशखाली ऑप्टिकल स्लेव्ह, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून पेटवणारा डबा, लावून कॅमेऱ्याच्या पॉपअप फ्लॅशनं तो पेटवा. स्लेव्ह प्री-फ्लॅश (फोटोच्या आधी कॅमेरा उजेड मोजायला मारतो ती चमक) ओळखून सोडणारा हवा, नाहीतर शटर उघडायच्या आधीच फ्लॅश पडून मोकळा होतो. कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडवर, शटर १/२०० किंवा त्याहून सावकाश. २८३चा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, कॅमेऱ्याच्या आयएसओ १०० सेटिंगला ३६ मीटर. त्याला अंतरानं भागायचं: माणूस ३ मीटरवर असेल तर १२ येतात, अॅपर्चर एफ/११ धरा.

आणखी एक. फ्लॅश वर्षानुवर्षं माळ्यावर, पत्र्याखाली पडला असेल तर सोलापूरच्या उन्हाळ्यात आतल्या कपॅसिटरचं काय झालं असेल सांगता येत नाही. पहिल्यांदा चालू करून लगेच धडाधड मारू नका. चार्ज होऊ द्या, तसाच थोडा वेळ ठेवा, बंद करा. असं दोन-तीनदा केल्यावरच मारा, तोंडापासून लांब धरून. गरम झाला, फुगला किंवा वास आला तर नाद सोडा. सेलच्या पट्ट्यांवर पांढरं-हिरवं धरलं असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

मीटर नसेल तर कुठल्याही टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं असतो, पाच मिनिटांचं काम. फक्त त्याला म्हणावं, मालक, बाहेरूनच मोजा. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या घरात व्होल्ट असतात आणि सेल काढले तरी ते बराच काळ तिथंच बसून राहतात.