गोसाठी स्मार्ट बोर्ड घ्यावा का?

तुमची अडचण अशी, की ओजीएसवर (ऑनलाइन गो सर्व्हर) रोज गो हा पटावरचा खेळ खेळता, पण स्क्रीनकडे बघून डोळे शिणतात आणि हातात सोंगटी नसल्यामुळे डावात मन लागत नाही. म्हणून सोंगट्या ओळखून खेळी सर्व्हरवर पाठवणारा इलेक्ट्रॉनिक पट घ्यायचा विचार आहे. प्रत्येक खेळीला निवांत वेळ असेल असे डाव खेळत असाल तर जरूर घ्या. जलद डाव खेळत असाल तर घेऊ नका.

याचं कारण घड्याळ. प्रतिस्पर्ध्याने खेळी केली की पटावर त्या जागी दिवा लागतो, पण सोंगटी तुम्हालाच ठेवावी लागते, आणि तोवर सर्व्हरवर तुमचा वेळ सुरू झालेला असतो. समजा ३० सेकंदांची ब्योयोमी (मुख्य वेळ संपल्यावर प्रत्येक खेळीला मिळणारा ठरावीक वेळ) चालू आहे आणि समोरच्याने तुमच्या नऊ सोंगट्या मारल्या. आधी त्याची सोंगटी ठेवायची, मग आपल्या नऊ एकेक करून उचलायच्या, पट जुळल्याचं ॲपने मान्य करायचं आणि उरलेल्या वेळात विचार. 'को'ची लढाई, म्हणजे एकाच जागी आळीपाळीने एकमेकांची सोंगटी मारणं, लागली तर दर फेरीला हीच उचलठेव. खेळीमागे दहा सेकंद वाढणाऱ्या फिशर वेळेत तर हे जमतच नाही. मुख्य वेळ २० मिनिटांहून जास्त असेल किंवा खेळीला दिवस मिळणारे डाव असतील, तर मात्र पटासमोर बसण्याचं खरं सुख मिळतं.

दुसरा प्रश्न, पटाला सोंगटीचा रंग कळतो का? जाहिरातीत हे सहसा स्पष्ट लिहिलेलं नसतं, म्हणून विक्रेत्याला थेट विचारा. काही पद्धतींत ३६१ बिंदूंपैकी कुठे काही ठेवलंय एवढंच कळतं आणि रंग पाळीवरून ठरवला जातो. अशा पटावर चार सोंगट्यांचं हँडिकॅप (कमजोर खेळाडूला सुरुवातीलाच मिळणाऱ्या जादा काळ्या सोंगट्या) मांडलं की दुसरी काळी पांढरी समजली जाते. डाव संपल्यावर वेगळा फाटा, म्हणजे खेळ्यांचा दुसरा पर्याय, मांडून बघतानाही तोच घोळ. चुंबकाच्या दिशेवरून रंग ओळखायचा तर सोंगटी उलटी पडून चालत नाही, म्हणजे एका बाजूने सपाट सोंगट्या हव्यात. दोन्हीकडून फुगीर सोंगटी कशीही पडते. सोंगटीत छोटी ओळखचकती असेल तर ही अडचण येत नाही. पण मग घरच्या जुन्या सोंगट्या इथे निरुपयोगी, आणि एक हरवली तर तशीच मागवावी लागणार. सुट्या सोंगट्या मिळतात का, हे आधीच विचारून ठेवा.

मापही बघा. नेहमीच्या जपानी पटावर रेषांमधलं अंतर एका दिशेला सुमारे २२ मिमी, दुसऱ्या दिशेला साधारण २३.७ मिमी असतं आणि सोंगटीचा व्यास जवळपास २२ मिमी. म्हणजे गर्दीच्या जागी सोंगट्या एकमेकींना ढकलतात. ढकललेली सोंगटी सेन्सरच्या टप्प्याबाहेर गेली की पट ती 'उचलली' असं समजतो. त्यामुळे चाचणी रिकाम्या कोपऱ्यात करू नका. पाच बाय पाच बिंदू भरून टाका, मग मधली एक काढून परत ठेवा. याच गर्दीत आणखी एक गोष्ट तपासा: मेलेल्या सोंगट्या उचलायची खूण दिव्याने होत असेल, तर सोंगटीखाली झाकलेला दिवा कडेने दिसतो का?

खेळी लगेच सर्व्हरवर जाते की बटण दाबून पक्की करायची, हेही महत्त्वाचं. सोंगटी ठेवून बोटाने सरकवायची सवय अनेकांना असते. पक्की करायची सोय नसेल तर भलत्याच बिंदूवर खेळी जाते, आणि ती मागे घेणं समोरच्याच्या मर्जीवर. डाव संपल्यावर जपानी पद्धतीने कैदी (मारलेल्या सोंगट्या) भरून मोजायचं असेल तर आधी जोडणी तोडा, नाहीतर पट त्यालाही खेळ्या समजेल.

ओजीएसचा एपीआय (प्रोग्रॅमना सर्व्हरशी जोडणारा मार्ग) बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी खुला आहे, त्यामुळे तिथली जोडणी टिकायची शक्यता बरी. ज्या सर्व्हरला असा मार्ग नाही, तिथे एखाद्या अपडेटनंतर पट मुका होऊ शकतो. निर्मात्याने ॲप सोडून दिलं तरी पट किमान एसजीएफ फाइल (डावाच्या नोंदीची फाइल) देईल का, ब्लूटूथ तुटून परत जुळल्यावर डाव तिथूनच पुढे जातो का आणि बॅटरी बदलता येते का, ही तीन उत्तरं लेखी घ्या.

समोरासमोरचे डाव नोंदवणं एवढाच हेतू असेल तर हा खर्च नको. फोनवरच्या एसजीएफ ॲपमध्ये खेळी टिपत जा. फोटोवरून स्थिती ओळखणारी ॲपही आहेत; फक्त चारही कोपरे दिसायला हवेत आणि पांढऱ्या सोंगट्यांवर दिव्याची चमक नको. काटागो या गो खेळणाऱ्या एआय प्रोग्रॅमने विश्लेषण करायलाही पट लागत नाही. फाटे बघायला स्क्रीनच सोपी.

घेण्याआधी एक फुकटची परीक्षा करा. घरातला लाकडी पट मांडा, शेजारी फोन ठेवा आणि तुमच्या नेहमीच्या वेळेचे पाच ऑनलाइन डाव दोन्हीकडे हाताने खेळा. ब्योयोमीत किती वेळा धांदल उडाली आणि पट व फोन किती वेळा जुळेनासे झाले, ते कागदावर लिहा. स्मार्ट बोर्डमुळे यातला फोनवर टिचकी मारायचा भाग वाचेल. सोंगट्या ठेवणं-उचलणं सगळं तसंच राहील.