परागण, परागीभवन आणि फलन

शाळेच्या पुस्तकात ‘परागीभवन’, शेतीविषयक लिखाणात ‘परागण’, कुठे ‘परागसिंचन’. यांतला बरोबर शब्द कोणता आणि ‘फलन’ म्हणजेही तेच का, असा प्रश्न आहे.

पहिले तिन्ही शब्द एकाच क्रियेचे: परागकोशातून (फुलातल्या पराग तयार होणाऱ्या पिशवीतून) सुटलेले परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या मादी भागाच्या टोकावर, येऊन पडणे. माझी पसंती ‘परागण’ला. बाष्पीभवन म्हणजे बाष्प होणे, घनीभवन म्हणजे घन होणे. त्या चालीने परागीभवन म्हणजे ‘पराग होणे’ ठरेल. इथे पराग आधीच तयार असतो, बदलते ती फक्त त्याची जागा. तरी शब्द इतका रुळलाय की तो वापरणाऱ्याला चूक म्हणता येत नाही.

‘फलन’ मात्र वेगळं, आणि त्याची सरमिसळ खरोखर टाळायला हवी. कुक्षीवरचा परागकण रुजतो, त्याला परागनलिका फुटते, ती कुक्षीवृंतातून, म्हणजे कुक्षीखालच्या दांडीतून, खाली उतरून बीजांडात (ज्याचं पुढे बी होतं त्यात) शिरते. नलिकेतल्या दोन पुंयुग्मकांपैकी (नर पेशींपैकी) एकाचा बीजांडातल्या अंडपेशीशी संयोग झाला की फलन झालं. (दुसऱ्यापासून पुढे भ्रूणपोष, म्हणजे बीमधला अन्नसाठा, तयार होतो.)

दुधीच्या वेलावर हा फरक डोळ्यांनी दिसतो. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, रात्री त्यांवर पतंग येतात. मादी फुलाच्या देठाशी बोटाएवढा लवदार दुधी आधीपासूनच असतो. शेजारी दोडका असेल तर तोही संध्याकाळीच फुलतो, आणि पतंग दोडक्याचे पराग दुधीच्या कुक्षीवर टाकून जातो. परागण झालं, फलन नाही. तो इवला दुधी पिवळा पडून गळतो. पतंग कमी असतील तर हातानं परागण करतात: संध्याकाळी नुकतंच उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि परागकोश मादी फुलाच्या कुक्षीवर हलके फिरवायचे. कुक्षीचे तीन भाग असतात, तिन्हींना पराग लागले पाहिजेत. एकाच बाजूला लागले तर तिकडचंच बी भरतं आणि फळ वाकडं होतं. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर हे करून उपयोग नाही.

सीताफळात तर एकेका डोळ्यामागे एक स्वतंत्र स्त्रीकेसर (फुलाचा मादी अवयव). ज्याचं फलन राहिलं तो डोळा भरत नाही, फळ एका अंगानं दबतं. तिथे कुक्षी आधी पक्व होते आणि त्याच फुलाचे पराग नंतर सुटतात, त्यामुळे पराग दुसऱ्या फुलातून यावे लागतात. ते काम मुख्यतः बारीक भुंगेरे करतात. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत कुक्षी लवकर सुकते. पाऊस सुरू झाला की फळं जास्त धरतात.

हे ‘धरणं’ म्हणजे फळधारणा, शेतकऱ्यांच्या बोलण्यातलं ‘सेटिंग’. ती बहुधा फलनानंतर होते, पण नेहमीच नाही. आपली खायची केळी फलनाशिवायच धरतात, म्हणून त्यांत बी नसतं. तेव्हा केळीबद्दल लिहिताना ‘फळधारणा’ चालेल, ‘फलन’ नाही.