स्लरी वाळवू नका : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : बायोगॅसची ताजी स्लरी (गॅस निघाल्यावर संयंत्रातून बाहेर पडणारा पातळ काला) रोपवाटिकेत घालू का?

नको. त्यातला अमोनिया आणि क्षार कोवळी मुळे जाळतात.

प्रश्न : वास गेला म्हणजे जंतू मेले, हे खरे का?

ऐकीव गोष्ट आहे. 35 ते 40 अंशांवर चालणाऱ्या पाचकात (शेण कुजून गॅस होतो त्या बंद टाकीत) रोगजंतू घटतात, संपत नाहीत. जंतांची अंडी तर चिवट असतात. खात्रीचा उपाय म्हणजे स्लरी 70 अंशांवर तासभर तापवणे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर ती शिंपडू नका. संयंत्राला शौचालय जोडले असेल, तर आधी आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा.

प्रश्न : पातळ स्लरी वाहून नेणे जमत नाही, म्हणून खड्ड्यात वाळवून ढेकळे शेतात टाकतो. पीक मात्र पिवळेच. गॅस काढल्याने कस जातो का?

कस गॅसने जात नाही, वाळवण्याने जातो. हा प्रश्न इतक्यांदा येतो की सविस्तरच सांगतो. गॅसमधून प्रामुख्याने कर्ब (कार्बन) बाहेर पडतो, नत्र (नायट्रोजन) जवळपास सगळे स्लरीत राहते. पण त्यातला मोठा वाटा आता अमोनियम रूपात असतो. हा वाटा पिकाला लगेच मिळतो आणि तितक्याच सहज उडतो. स्लरीचा सामू (pH) 7.5 ते 8, म्हणजे ती किंचित अल्कधर्मी. त्यात ऊन, वारा आणि उथळ खड्डा मिळाला की अमोनिया हवेत जातो. ढेकळात उरते ते सावकाश सुटणारे सेंद्रिय नत्र. पीक पिवळे राहणारच!

स्लरी साठवायची टाकी खोल, कमी तोंडाची आणि झाकलेली हवी. नळी तळाशी सोडून भरा, म्हणजे वरची साय मोडत नाही. संध्याकाळी किंवा ढगाळ हवेत सरीत सोडा आणि लगेच माती ओढा. 'उद्या ओढू' म्हणाल, तर नत्राचा मोठा भाग रात्रीतच गेलेला असेल. नेणे खरेच अशक्य असेल तर कोरड्या काडीकचऱ्याच्या थरांवर स्लरी ओतून कंपोस्ट करा. ओल 50 ते 60 टक्के आणि कर्ब-नत्र गुणोत्तर 25 ते 30 ठेवा. थोडे नत्र तरीही जाते, पण बरेचसे धरले जाते.

आणखी एक, झाकलेल्या टाकीतही मिथेन तयार होत राहतो, म्हणून वायूला वाट ठेवा. आत उतरू नका. ढवळताना सुटणारा हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला कळेनासा होतो. सफाई प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या.

प्रश्न : ठिबकमधून देता येईल का?

कापडाने गाळून नाही. चोथा वेगळा करणारे यंत्र, वाळूची गाळणी, मग 120 मेशची (इंचाला 120 छिद्रांची) चकती गाळणी आणि शेवटी स्वच्छ पाण्याने नळ्या धुणे, एवढे सगळे लागते. संच बसवणाऱ्या तंत्रज्ञाला आधी विचारा.

प्रश्न : 'समृद्ध स्लरी' हेक्टरी 1 लिटर पुरते, असे विक्रेता सांगतो.

हिशेब करा. लिटरला 3 ग्रॅम नत्र धरले, तर पूर्ण हेक्टरला 3 ग्रॅम! त्या खेपेचा प्रयोगशाळा अहवाल मागा; नसेल तर घेऊ नका.

प्रश्न : मग किती घालावी?

स्लरी आणि माती दोन्ही तपासल्याशिवाय आकडा सांगणार नाही. पद्धत अशी : अहवालात दर हजार लिटरला 2 किलो अमोनियम नत्र आले आणि पिकाला 60 किलो हवे असेल, तर 30,000 लिटर, तेही हप्त्यांनी. मातीत स्फुरद (फॉस्फरस) आधीच जास्त असेल तर मात्रा नत्रावर नव्हे, स्फुरदावर बेतावी लागते. अहवाल घेऊन कृषी तज्ज्ञाकडे जा.