अमेरिकेतल्या १३ वसाहतींनी ब्रिटिशांना हरवलं ते कळलं, पण मग सरकार लगेच कसं काय उभं राहिलं?

लगेच नाही राहिलं, तीच तर खरी गोष्ट आहे. १७७६ च्या जुलैमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, पण लढाई फिरली ती १७८१ ला यॉर्कटाउनला. जमिनीवरून अमेरिकन सेनापती वॉशिंग्टन आणि फ्रेंच सैन्य, समुद्रात फ्रेंच आरमार, त्यामुळे ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसला पळायला वाटच राहिली नाही. शरणागतीच्या वेळी तो आजारी असल्याचं सांगून आलाच नाही, दुसऱ्या अधिकाऱ्याला पाठवलं (हाच कॉर्नवॉलिस पुढे भारतात गव्हर्नर जनरल झाला आणि टिपूविरुद्ध मराठे त्याच्या बाजूने लढले). १७८३ ला पॅरिसचा तह झाला आणि ब्रिटनने स्वातंत्र्य मान्य केलं.

पण घरात सगळा सावळा गोंधळ. पहिल्या व्यवस्थेत काँग्रेसला (वसाहतींची आता राज्यं झाली होती, त्यांची ही एकत्रित सभा) कर बसवायचा अधिकारच नव्हता, राज्यांकडे नुसते पैसे मागायचे आणि राज्यं द्यायची नाहीत, सैनिकांचे पगार थकलेले, त्यात १७८६ ला मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी बंड केलं आणि कोर्टं बंद पाडली, तेव्हा कुठे सगळ्यांचे डोळे उघडले.

मग १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला ५५ प्रतिनिधी जमले, बाहेर काही कळू नये म्हणून खिडक्या बंद ठेवून बसले. ऱ्होड आयलंडने माणूसच पाठवला नाही. भांडणं खूप झाली, शेवटी सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, सगळ्या राज्यांना सारख्या जागा आणि खालच्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे असा मार्ग काढून नवी राज्यघटना लिहिली, पण गुलामांना त्या मोजणीत तीन पंचमांश धरलं आणि मताचा हक्क शून्य, हे मला अजिबात माफ करण्यासारखं वाटत नाही. १७८९ ला वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले, राज्यघटनेत नागरिकांच्या हक्कांच्या १० दुरुस्त्या १७९१ ला आल्या.