वारा पाण्याला किती ढकलतो? खाडी, नदी आणि धरण: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (कऱ्हाड): गुहागरला जाताना गाडी दाभोळ-धोपावे फेरीबोटीत घालतो. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून निघतो, तरी कधी पाणी सांगितल्यापेक्षा बरंच वर असतं, कधी खाली. कोष्टक चुकतं का?

कोष्टक चुकत नाही. त्यात चंद्र-सूर्याचा हिशेब असतो, त्या दिवशीच्या हवेचा नसतो. हवेचा दाब 1 हेक्टापास्कलने उतरला की समुद्र साधारण 1 सेंटीमीटर चढतो. वाऱ्याचा भाग याहून वेगळा, आणि तो दोन ठिकाणी काम करतो.

पहिलं ठिकाण खुद्द खाडी. वारा पाण्याला घासत पुढे ढकलतो आणि वाऱ्याच्या टोकाला पाणी साठतं. धरणाचे अभियंते यासाठी एक जुनं सूत्र वापरतात: वाऱ्याच्या वेगाचा वर्ग (किमी प्रतितास) गुणिले मोकळ्या पाण्याची लांबी (किमी), आणि या गुणाकाराला भागायचं ते 62,000 गुणिले खोली (मीटर) याने. उत्तर मीटरमध्ये येतं. समजा 20 किमी लांब, सरासरी 5 मीटर खोल खाडी आहे आणि 50 च्या वेगाने वारा आत वाहतोय. फुगवटा 16 सेंटीमीटर निघतो. वेग दुप्पट झाला तर फुगवटा चौपट. आणि खोली खाली भागायला आहे हे विसरू नका, कारण पुढच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं तिथेच आहेत: पाणी जितकं उथळ आणि लांब, तितकी वाऱ्याची सत्ता जास्त.

दुसरं ठिकाण बाहेरचा समुद्र. लोकांच्या ध्यानात येत नाही ते हे. उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरच्या थरातलं पाणी एकूणात वाऱ्याच्या उजवीकडे सरकतं. आपल्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडून वारा दोन-तीन दिवस टिकला तर पाणी किनाऱ्याकडे येऊन साठतं. उत्तरेचा वारा टिकला तर ते किनाऱ्यापासून दूर जातं. ही चढउतार मुखातून आत शिरते आणि सबंध खाडी उचलते किंवा उतरवते. म्हणून धक्क्यावर पान हलत नसतानाही पाणी वर असू शकतं. वादळात दिशा बघायची: किनाऱ्यावर आदळणाऱ्या चक्रीवादळाच्या केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून येतो आणि खाड्या भरतात, उत्तरेला तो जमिनीकडून येऊन पाणी बाहेर लोटतो. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा समुद्राकडचा वारा केंद्राच्या दक्षिणेकडच्या खाड्यांच्या वाट्याचा.

वारा की नदीचा पूर, हे ओळखायची एक खूण. भरती आणि ओहोटी दोन्ही पातळ्या कोष्टकापेक्षा सारख्याच वर असतील तर कारण समुद्राकडचं, वारा किंवा दाब. ओहोटीचं पाणी नीट उतरत नाही, पण भरती जवळपास तेवढीच आहे, असं असेल तर वरून पुराचं पाणी येतंय.

प्रश्न (सांगली): पुरात जोराचा वारा सुटला की आयर्विन पुलापाशी पाणी उतरायचं थांबतं, असं घाटावर म्हणतात. खरं का?

नाही. वरचंच सूत्र लावा. कृष्णा वळणं घेत जाते, त्यामुळे वाऱ्याला सलग मोकळं पाणी फार तर दीड किलोमीटर मिळेल असं धरू. पुरातली खोली 12 मीटर, वारा 50 चा. उत्तर येतं 5 मिलिमीटर. जिथे 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका मोजतात, तिथे 5 मिलिमीटर कुणाला दिसणार? पाणी अडतं ते पाण्यानेच: खाली हरिपूरला वारणा भरून आली की कृष्णेला वाट मिळत नाही. वाऱ्यामुळे बिघडतं ते वाचन. लाटांनी मोजपट्टीवर पाणी वरखाली होतं, म्हणून मिनिटभर बघून माथा आणि तळ यांची सरासरी घ्यावी.

प्रश्न (पाटण): कोयना धरणाचं पाणी पोफळीच्या वीजघरातून वाशिष्ठी नदीत उतरतं. मग तिच्या दाभोळच्या खाडीत खारं पाणी किती आत येणार हे वारा ठरवतो की आपलं पाणी?

मुख्यतः भरती आणि गोडं पाणी. कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेतून पश्चिमेला वळवायला वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) मंजूर केले. वर्षभराची सरासरी काढली तर सेकंदाला सुमारे 60 घनमीटर होतात. वीजनिर्मिती मागणीप्रमाणे चालू-बंद होते, तेव्हा प्रत्यक्षात ते असं एकसारखं येत नाही. तरी उन्हाळ्यात, बाकी ओढे आटलेले असताना, हे पाणी मोठंच.

वारा ठरवतो ते थरांचं. गोडं पाणी हलकं, ते वरून समुद्राकडे जातं. खारं जड, ते तळाने आत येतं. रात्रीचे, जमिनीकडून येणारे मतलई वारे वरच्या थराला बाहेर ढकलतात, त्याच्या भरपाईला तळाचं खारं जास्त आत सरकतं आणि दोन थर ठळक होतात. दुपारचा, समुद्राकडून येणारा खारा वारा उलट वागतो: वरचं गोडं रोखून धरतो आणि जोर वाढला की सगळं घुसळून टाकतो. त्यामुळे खाडीकाठी पंप लावणाऱ्याने वरवरचं पाणी चाखून निर्णय घेणं म्हणजे स्वतःला फसवणं. बाटलीला वजन बांधा, बुचाला वेगळी दोरी, पंपाच्या फूटव्हॉल्व्हच्या खोलीवर नेऊन बूच ओढा. नमुना भरतीचं पाणी चढायचं थांबतं तेव्हाचा घ्या, कारण खारेपणा तेव्हा सर्वात जास्त. उपसा ओहोटीच्या शेवटच्या टप्प्यात.

आणखी एक. वारा वाहतो त्याच दिशेला सगळं पाणी जातं असं नाही. कडेच्या उथळ भागात प्रवाह वाऱ्याबरोबर जातो, मधल्या खोल पात्रात साठलेलं पाणी वाऱ्याच्या उलट परततं. होडीवाल्याला वाऱ्याविरुद्ध जायचं असेल तर मधला प्रवाह मदत करतो, पण वारा आणि प्रवाह समोरासमोर आल्याने लाट तिथेच आखूड आणि उभी होते. छोट्या होडीने हा मोह टाळावा.

प्रश्न (मेढा): मग शिवसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, तापोळ्याला दुपारी पाणी एवढं उसळतं कसं?

तो फुगवटा नाही, लाटा आहेत. 40 मीटर खोल पाण्यात 5 किलोमीटरवर 50 च्या वाऱ्याचा फुगवटा पुन्हा 5 मिलिमीटरच. पण तेवढ्याच मोकळ्या पाण्यावर 40 चा वारा तासभर टिकला तर लाट 40 सेंटीमीटरच्या घरात जाते. लाँचला ती जाणवते, छोट्या होडीत पाणी येतं. लाट आडवी घेऊ नये, तिरकी कापावी, आणि माणसं एका बाजूला जमू देऊ नयेत.