नव्या ग्रामपंचायत सदस्याला: अंदाजपत्रक हातात आलं की

ताई, पहिल्याच मासिक सभेत प्रोसिडिंगवर, म्हणजे सभेच्या इतिवृत्तावर, डोळे झाकून सही करू नका. आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) नमुना 1, म्हणजे अंदाजपत्रक, आणि नमुना 5 ची रोकड वही मागा. नाराजी दिसेल, दिसू द्या. सदस्याने कागद बघितलेच पाहिजेत.

आधी स्वनिधी, म्हणजे पंचायतीचं कर वगैरेतून आलेलं स्वतःचं उत्पन्न, बघा. त्यातला 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणावर, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवा. मार्चमध्ये घाईघाईने सतरंज्या आणि खुर्च्या घेऊन हे आकडे जुळवायची खोड बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणून दिवाळीच्या सुमारासच विचारा की किती खर्च झाला. घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी किती आणि वसुली किती, हेही त्याच सभेत.

वित्त आयोगाच्या पैशाचं वेगळं. पंधराव्या आयोगात (2021-26) 60 टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. बंधित पैशातून रस्ता मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

पण खरी तपासणी कागदावर होत नाही. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं बिल निघालंय ना? मग पोतं कुठे ठेवलंय ते बघा; उघडं, ओलसर जागेत असेल तर पावडरीचा जोर गेलेला असतो. शेवटच्या वस्तीतल्या नळाचं पाणी घेऊन जलसुरक्षकाला, म्हणजे गावात पाणी शुद्धीकरण बघणाऱ्याला, समोर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का याची चाचणी) करायला लावा. पिवळा रंग आला नाही, तर पुढच्या सभेत विषय लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी बोललेलं प्रोसिडिंगमध्ये उतरतंच असं नाही.